चुकणाऱ्या सिस्टर

आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर दिवसातून दहादा चुकायच्या. त्यांतल्या नऊ चुका मुद्दाम असायच्या. दहावी कोणती, ते आम्हाला कधीच कळलं नाही. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात शिरल्या की अमावास्येला पौर्णिमा म्हणायच्या, बाजाराचा वार बदलायच्या. "इचारलं की मानूस भितंय. आपन चुकलो की लगेच दुरुस्त करतंय. आन् ज्यानं दुरुस्त केलं, त्याचं डोकं जाग्यावर हाय," हे त्यांचं शास्त्र.

मी तेव्हा नवी नर्स, अतिशहाणी, हातात स्मरणशक्ती तपासायचा छापील कागद. सिरसाळ्याचे एक धनगर आबा आले होते. मुलगा म्हणाला, "भ्रमिष्ट झालेत. एक इचारावं तर भलतंच बोलत्यात. डाक्टर तसं म्हनले की मेंढरं इकून टाकतो." आबा खाली मान घालून बसले होते. मी तारीख विचारली, गप्प. कागदावर घड्याळाचं चित्र काढा म्हटलं. त्यांनी माझ्या हाताच्या खुणेवरून एक गोल काढला आणि पेन्सिल परत दिली. मी ठसठशीत शून्य लिहिलं. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

सिस्टरांनी कागद पाहिला. "अगं, जन्मात घड्याळ बांधलं न्हाई, ते काढतील कुठून?" मग आबांच्या अगदी कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "आबा, तीन शब्द ध्यानात ठिवा. कात्री, घोंगडी, लिंबू." आणि तशाच मोठ्या आवाजात लगेच गप्पा सुरू. "मेंढी तीन महिन्यांत विते न्हवं?"

"तीन?" आबा ताठ झाले. "पाच लागत्यात! कुनी शिकवलं तुमाला?"

बऱ्याच वेळानं सिस्टर म्हणाल्या, "मगा मी काय म्हनले व्हते? कात्री, घोंगडी, आंबा?"

"लिंबू!" आबा गरजले.

सिस्टरांनी आबांच्या कानात बॅटरी मारून मला दाखवलं. डोकं शाबूत होतं. दोन्ही कान मळानं बुजले होते. कान साफ झाल्यावर आबांनी पहिलं माझं नाव विचारलं. "सुलभा," मी म्हटलं. "ध्यानात ठिवतो," ते म्हणाले. मेंढरं अर्थातच विकली गेली नाहीत. त्या दिवसापासून सिस्टरांवर माझा जीवच जडला.

तीन वर्षांनी सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाला आबा खास घोंगडी घेऊन आले. त्यांच्याकडं तिरकं बघत सिस्टरांनी माझा हात वर धरला. "आता वॉर्ड हिच्याकडं. आमची सुरेखा!"

"सुरेखा न्हाई, सुलभा!" आबा मागून ओरडले. "हिनंच नापास केलतं मला!"

सगळा दवाखाना हसला. मी हसता हसता रडायलाच लागले. सिस्टर माझ्या कानाशी वाकल्या. "लिहून घे," म्हणाल्या, "पैकीच्या पैकी."