वाचल्याशिवाय सही नाही

मंडल परिषदेतली, म्हणजे आमच्याकडच्या पंचायत समितीतली, आमच्या गावाची जागा बाईसाठी राखीव निघाली, तेव्हा वस्तीतल्या चारपाच जणी माझ्या दाराशी आल्या. मी ज्वारी निवडत बसले होते.

"मास्तरीण, तुमी उभ्या राहा," त्यांतली म्हातारी म्हणाली. "दुसऱ्या कोनाले बोलता येते?"

मी याच गावची लेक आणि याच गावची सून. गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू. शिक्षण मराठी सातवी, कारण गावची शाळाच सातवीला संपायची. पुढची शाळा ओढ्यापलीकडे, दीड तासाच्या वाटेवर. मुलं जायची, मुलींना कोणी पाठवत नसे. मलाही पाठवलं नाही. नवरा शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीण. संध्याकाळी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "बोलाचं असंल तर उभी राह्य. नुसतं बसाचं असंल तर नको."

मला एकच गोष्ट बोलायची होती : गावात आठवी पाहिजे.

प्रचार म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. कापूस वेचायचे दिवस होते, बाया घरी सापडत नव्हत्या. मग मीच शेतात जायची, त्यांच्याबरोबर एक तास वेचायची आणि वेचता वेचता बोलायची. थोड्या मतांनी निवडून आले.

पहिल्या सभेला गेले तर माझ्यासकट तीन बाया निवडून आलेल्या आणि खुर्च्यांवर दोघींचे नवरे. मी एकटीच बाई. सगळं बोलणं तेलुगूत. माझ्या गावाचं नाव ऐकू आलं तशी मी उठले आणि मराठीत म्हणाले, "आमाले आठवीसाठी खोली पाह्यजे." अध्यक्षांनी मान डोलावली. शेवटी कारकुनानं ठरावाचं रजिस्टर पुढे केलं. "अम्मा, संतकम," म्हणाला. सही करा. सगळे करत होते. मीही केली, ठसठशीत, पूर्ण नावानिशी.

पंधरा दिवसांनी कळलं की आमच्या गावासाठी मंजूर होऊन आलेली शाळेची खोली त्या ठरावात दुसऱ्या गावाला दिली होती. सर्वानुमते. म्हातारी घरी आली.

"त्या कागदावर तुमची बी सही हाये म्हनतेत. खरं काय?"

काय लिहिलंय ते न कळता सही केली, हे सांगायची लाज वाटली. मी नुसतं "हो" म्हणाले. ती निघून गेली.

गावात एक नर्सबाई होत्या, करीमनगरकडच्या, तेलुगू. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "सिस्टर, मले तेलुगू शिकवा. समजाले बी, वाचाले बी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "अक्का, तुमी मले मराठी शिकवा. बाया दुखते म्हनते, कुठं दुखते, कसं दुखते, मले समजत नाही."

असा आमचा सौदा ठरला. दुपारी तास दीड तास त्यांच्या ओसरीवर बसायचं. तेलुगू अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते; मला ती उघडी वाटायची, एकमेकांत घरंगळून जाणारी. एक शिकले की मागचं विसरायची. सिस्टर रागावायच्या, आणि मग 'कळ', 'ठणका', 'मुंग्या' यांतला फरक त्यांना समजावताना मी रागावायची. पाच महिन्यांनी मी बसवरची पाटी वाचली आणि बसमध्ये एकटीच हसले.

मधल्या सभांना गेले, पण सही केली नाही. "नंतर करते," म्हणायची. कारकून कुरकुरायचा. मग एका सभेत त्यानं रजिस्टर ठेवलं, तसं मी ते मांडीवर ओढून घेतलं आणि बोट लावून वाचू लागले. एक एक अक्षर. लोक उठून उभे राहिले होते, कोणाला बस गाठायची होती.

"अहो बाई, सगळ्यांनी केली ना सही," एका बाईचा नवरा म्हणाला. "तुमालेच काऊन पाह्यजे वाचाले?"

"मी निवडून आली म्हनून," मी म्हणाले. "तुमी नाही आले."

कोणीतरी हसलं. मी खाली पाहून वाचत राहिले. तीन मुद्दे होते, आठवीचा नव्हता. अध्यक्षांना म्हटलं, "मी मागच्या वेळी बोलली, आज बी बोलली. ते ह्याच्यात नाही. लिहा, मग सही करते." रजिस्टर मी मांडीवरून सोडलं नाही. अध्यक्षांनी ताटकळलेल्या लोकांकडे पाहिलं. मग कारकुनाला म्हणाले, "रायि." लिही. त्यानं लिहिलं ते पुन्हा वाचलं आणि मगच सही केली.

ठराव झाला म्हणजे काम झालं असं नसतं. आदिलाबादच्या कचेरीत किती खेपा झाल्या, आठवत नाही. मिसल, म्हणजे फाइल, वर गेली, मिसल खाली आली, हेच ऐकायचं. शेवटी मी स्वतः तेलुगूत अर्जी लिहिली. साहेबांनी वाचली, दोन चुका दाखवल्या आणि विचारलं, कोणी लिहिली? "नेने रासिना," मी म्हणाले. मीच लिहिली. त्यांनी खुर्ची दिली आणि फाइल मागवली.

त्याच्या पुढच्या जूनमध्ये आठवी सुरू झाली. खोली नव्हतीच, वस्तीतल्या बुद्धविहारात वर्ग भरला. नऊ मुली आल्या. सिस्टरची बदली त्याच महिन्यात झाली. जाताना बायांनी त्यांना बसपर्यंत पोचवलं, आणि त्या प्रत्येकीशी मराठीत बोलल्या.

पुढच्या निवडणुकीत मी पडले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तोवर विहारात नववीचाही वर्ग भरू लागला होता, आणि दहावीची अर्जी कचेरीत होती. तिच्यामागे जायला निवडून यावं लागत नव्हतं. निकालानंतरच्या सोमवारी मी आदिलाबादची सकाळची बस धरली.