मोरीचा उलटा उतार

आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. ऐंशीच्या सुमारास आम्ही सातपूरच्या अलीकडे, नव्याने वसत असलेल्या एका वसाहतीत दोन खोल्यांचं घर घेतलं. घर घेण्याआधी आम्ही ते तीनदा बघितलं. खिडक्या उघडून पाहिल्या, भिंतींवर टकटक करून पाहिलं, नळ सोडून पाहिला. पण घर बघायला गेल्यावर कुणी तिथे आंघोळ करून बघत नाही, आणि नेमका तिथेच घोळ होता. मोरीचा उतार उलटा होता. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे यायचं आणि दारातून थेट स्वयंपाकघरात.

राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला बसले होते आणि मी खाली बसून पोळ्या लाटत होते. पायाला कोमट लागलं म्हणून बघितलं, तर साबणाचा फेस पोळपाटाला वळसा घालून पिठाच्या डब्याकडे निघालेला.

"अहो, थांबा!" मी ओरडले.

"डोक्याला साबण लावलाय. आता कसा थांबू?" आतून उत्तर आलं.

माझ्या सासूबाई आमच्याजवळच असायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. सिन्नरकडच्या खेड्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे वाहत्या पाण्याला बांध घालणं त्यांच्या हातातलं काम. त्यांनी जुन्या पोत्यांची वळकटी करून उंबऱ्यावर टाकली आणि वर दोन विटा ठेवल्या. घरात नियमच झाला, एकाने आंघोळ करायची आणि दुसऱ्याने खराटा घेऊन बांधापाशी उभं राहायचं. हे शिफ्टवरून आले की चपला काढता काढता विचारायचे, "काय, गंगापूर धरण भरलं का आज?" आत्याबाईंना हा विनोद अजिबात आवडायचा नाही, कारण खराटा बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असायचा.

असं वर्षभर निभावलंही असतं. पण मनमाडहून नणंदेचं पत्र आलं. तिचे यजमान तिथे रेल्वेत होते. पहिलटकरीण, बाळंतपणाला आईकडेच येणार. पत्र मी वाचून दाखवलं तसा आत्याबाईंनी आधी डोळ्याला पदर लावला, मग मोरीकडे बघितलं आणि पदर खाली आणला.

"बाळंतिणीला चांगलं ऊन ऊन पाणी लागतं. दोन दोन हंडे. ते समदं चुलीपाशी येणार व्हय? ते काय नाय. ती यायच्या आत मोरी नीट झाली पाहिजे."

नणंद यायला दीड महिना होता. आम्हाला तो भरपूर वाटला.

यांच्या शिफ्टमधल्या एकाने मिस्त्री सुचवला. सायकलवरून आला. स्वच्छ पायजमा, कानावर पेन्सिल, बोलणं असं की ऐकत राहावं. त्याने मोरीत तांब्याभर पाणी ओतलं आणि ते दाराकडे येताना टक लावून बघत राहिला.

"कुणी केलं हे काम?" त्याने विचारलं. आवाजात इतकं दुःख होतं की आम्हालाच अपराधी वाटलं. पुढच्या आयुष्यात मी बरेच मिस्त्री, प्लंबर आणि रंगारी पाहिले. आधीच्याने केलेलं काम बघून दुःख झालं नाही असा एकही भेटला नाही.

"वहिनी, दोन दिवसांचं काम. फरश्या काढायच्या, भर घालायची, उतार धरायचा, फरश्या बसवायच्या. चिंताच सोडा."

दुसऱ्या दिवशी तो बरोबर आठला आला. दुपारपर्यंत त्याने सगळ्या शहाबादी फरश्या उखडल्या आणि खाली वीतभर खणून ठेवलं. आत्याबाई खूश. दोनदा चहा, दुपारी बाजरीची भाकरी आणि वर शेंगदाण्याची चटणी. संध्याकाळी हातपाय धुऊन त्याने आपली थापी कोपऱ्यात उभी केली.

"ही इथंच ऱ्हाऊ द्या. उद्या आठला येतो. मावशी, हत्यार ठेवलं म्हणजे माणूस येणारच."

आत्याबाईंनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. मलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले, नऊ वाजले, मी शाळेत गेले, परत आले. थापी तशीच उभी होती. तिसऱ्या दिवशीही. आता उलटा का असेना, उतारसुद्धा राहिला नव्हता, नुसता खड्डा होता. हे कारखान्यातच आंघोळ उरकून यायला लागले. मी आणि आत्याबाई मागच्या अंगणात दोन साड्यांचा आडोसा करून, पहाटे, वसाहत जागी व्हायच्या आत.

दहाव्या दिवशी मिस्त्री उगवला. सायकलवरून उतरलासुद्धा नाही, एक पाय ओट्याला टेकवून म्हणाला, "वहिनी, मेव्हण्याचं लग्न निघालं बघा एकदम." मग वाकून आत डोकावला आणि समाधानाने म्हणाला, "झ्याक वाळलंय. वाळू द्यायला लागतं." आणि गेला.

"खड्डा वाळवायला मिस्त्री लागतो व्हय?" आत्याबाई मला म्हणाल्या. पण तोवर सायकल कोपऱ्यावर पोचली होती.

त्यानंतर यांनी त्याला दोनदा रस्त्यात गाठलं. दोन्ही वेळा तो उद्या आठला येणार होता. दुसऱ्या वेळी कारण पुन्हा मेव्हण्याच्या लग्नाचंच होतं. "एकच मेव्हणा आहे का त्याला?" मी विचारलं. हे म्हणाले, "असेल एकच. पण हौशी दिसतो."

यात खरं नुकसान झालं ते सिमेंटचं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. यांनी अर्ज केला, चकरा मारल्या, शिफ्ट बदलून घेतली, तेव्हा कुठे एक गोणी पदरात पडली. ती ओट्यावर ठेवली होती. एके दिवशी मी सहज बोटाने दाबून पाहिली तर कोपरा दगड झालेला. आठवड्याने सगळी गोणीच दगड झाली. आत्याबाई संध्याकाळी तिच्यावर बसून लसूण सोलू लागल्या. मला रडू यायचं आणि हसूही यायचं.

नणंद यायला दोन आठवडे उरले तेव्हाची गोष्ट. मधल्या सुट्टीत शाळेतल्या एक बाई तावातावाने सांगत होत्या, की त्यांच्या स्वयंपाकघराचा ओटा अर्धा फोडून मिस्त्री तीन आठवडे बेपत्ता आहे.

"कानावर पेन्सिल?" मी विचारलं.

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"जाताना काही ठेवून गेलाय का?"

"पातळी बघायची पाणसळ. म्हणाला, हत्यार ठेवलं म्हणजे..."

"...माणूस येणारच," मी वाक्य पुरं केलं आणि इतकी हसले की हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले.

घरी येऊन सांगितलं तर आत्याबाईंकडून कळलं, मागच्या गल्लीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरीही तीच तऱ्हा. त्यांच्याकडे अर्धी भिंत आणि ती सरळ उभी आहे का बघायचा ओळंबा. म्हणजे या गृहस्थाने घरोघरी एकेक हत्यार तारण ठेवलं होतं. थापी आमच्याकडे, पाणसळ बाईंकडे, ओळंबा पोस्टमास्तरांकडे. त्याला काम करायची इच्छा झाली असती तरी कुठल्याच घरी करता आलं नसतं!

मला वाटलं आत्याबाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी घेतली, बाईंच्या घरी गेल्या, पोस्टमास्तरांकडे गेल्या, दोन्ही हत्यारं मागून आणली, आमची थापी त्यात घातली आणि रविवारी सकाळी मला म्हणाल्या, "चल. त्याच्या घरी जायचं."

घर मखमलाबादच्या वाटेवर आहे एवढंच यांना ठाऊक होतं. आम्ही आधी शहरातल्या मोठ्या स्टँडवर, सीबीएसला आलो, तिथून दुसरी बस. बसमध्ये बाजारात झेंडू आणि मेथी विकून परतणाऱ्या बायका होत्या, रिकाम्या पाट्या मांडीवर घेतलेल्या. त्यातल्या एकीने पिशवीतून डोकावणारी थापी बघितली आणि न विचारताच सांगितलं, "मिस्त्रीकडं ना? टमाट्याच्या वावरापाशी उतरा. लोक तिथंच उतरतात."

टोमॅटोच्या शेताला लागून त्याचं घर होतं. समोरच्या भिंतीला गिलावा नव्हता. दाराची चौकट दाराच्या जागी नसून शेजारी भिंतीला टेकून उभी होती. अंगणात त्याची बायको धुणं वाळत घालत होती. पस्तिशीची असेल. काटक, हाताची बोटं रांगडी. तिने आमच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"कशाचा खड्डा?" तिने विचारलं.

"मोरीचा," मी म्हणाले.

"बसा. तो नाय घरी. आडगावला नवं काम बघायला गेलाय."

तिने पाणी दिलं, गूळ दिला. आत्याबाईंनी रागाने पिशवी अंगणात उपडी केली. थापी, पाणसळ, ओळंबा. ती बाई खाली वाकली, पाणसळ उचलली, काच पदराने पुसली, मग ओट्यावर ठेवून आतला बुडबुडा कुठे थांबतो ते डोळा बारीक करून बघायला लागली. आत्याबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांचा राग कुठे गेला कोण जाणे.

"तुला येतंय गं हे?"

"अकरा वर्सं त्याच्या हाताखाली घमेलं वाहिलं," ती म्हणाली. "मागं मागं तर फरश्या मीच बसवायची. तो मालकाशी बोलत बसायचा, मी बसवायची. आता नवं काम धरतो, मला न्हेतच नाय. मी गेले की काम संपतं ना! संपलं की बोलायचं काय?"

"मंग चल तूच."

"मी?" ती हसली. "एकटी बाई मिस्त्रीकाम करणार? लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्या मोरीत न्हायला येत नाय," आत्याबाई म्हणाल्या. "माझी लेक येणार हाय. पहिलटकरीण हाय."

तिने पिळलेलं लुगडं दोरीवर टाकलं, टोकं सारखी केली. मग म्हणाली, "सकाळच्या पयल्या गाडीनं येते." मला वाटलं, हेही 'उद्या आठला'च.

ती सातला आली. मी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवून दिली. गोणीवर हातोडी मारून तिने बघितली आणि "हे आता नुसतं बसायला," असं म्हणून सोडून दिली. पोस्टमास्तरांनी आपल्या भिंतीच्या सिमेंटमधून अर्धी गोणी उसनी दिली. तिने पदर खोचला. पण तांब्याभर पाणी ओतून दुःखी वगैरे झाली नाही. आधी पाट मागितला, खड्ड्यात ठेवला आणि त्यावर चक्क आंघोळीला बसल्यासारखी बसली.

"बाळंतीण इथं बसणार ना? म्हंजे पाणी हिकडं पडणार. न्हाऊ घालणारी कुठं बसंल?"

आत्याबाई उडी मारल्यासारख्या खड्ड्यात उतरल्या आणि पाय लांब करून बसून दाखवलं. दोघी समोरासमोर बसून नसलेल्या बाळाला न्हाऊ घालत होत्या. इतके महिने त्या मोरीत आंघोळ केली, पण पाणी कुठे पडतं हा प्रश्न आम्हालाही पडला नव्हता.

अकराच्या सुमाराला सायकल वाजली. मिस्त्री दारात. घरी गेल्यावर त्याला कळलं असणार. तो आमच्याकडे बघेना, तिच्याकडे बघेना, नुसता उतारासाठी ताणलेल्या दोरीकडे बघत होता. चार फरश्या बसल्या होत्या.

"अगं, हे काय?"

"घमेलं उचल," ती मान वर न करता म्हणाली. "माल संपत आलाय."

क्षणभर मला वाटलं, आता भांडण होणार. त्याने कानावरची पेन्सिल काढली, खिशात ठेवली आणि घमेलं उचललं. दिवसभर तो माल कालवत होता. आत्याबाईंनी तिला तीनदा चहा दिला. त्याला एकदाच, तोही तिने सांगितलं म्हणून. मध्ये एकदा त्याला राहवलं नाही. "उतार जरा जादा झाला का?"

"वत पाणी."

त्याने तांब्या ओतला. पाणी कोपऱ्यातून निघालं आणि इकडे तिकडे न बघता सरळ जाळीत गेलं. आम्ही सगळे ते बघत उभे होतो. मिस्त्री खाकरला. "मी तेच म्हणत होतो," तो म्हणाला.

नणंद आली, मुलगी झाली. आत्याबाई रोज तिला आणि नातीला न्हाऊ घालायच्या, हंडेच्या हंडे पाणी, आणि मी पलीकडे कोरड्या जमिनीवर भाकरी थापायची. बाईंचा ओटा आणि पोस्टमास्तरांची भिंतही त्याच महिन्यात पुरी झाली. पुढे पुढे वसाहतीत लोक सरळ तिलाच निरोप द्यायला लागले. तो सायकलवर सिमेंट आणायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा. बोलायला तो खरंच चांगला होता.

पाच-सहा वर्षांनी आम्ही मागे एक खोली वाढवायची ठरवली आणि तिला विचारायला गेलो. तिने बोटांवर मोजलं. "आता नाय जमायचं. हातात तीन कामं हायेत. दोन महिन्यांनी, अमावस्या झाली की पुढच्या सोमवारी येते."

दोन महिन्यांनंतरचा सोमवार! आम्ही एकमेकांकडे बघून हसलो आणि घरी आलो. विषय डोक्यातून गेला.

त्या सोमवारी सकाळी सातला कडी वाजली. हे दात घासत होते, मी अंबाड्याविना, दूध उतू चाललेलं. दारात ती, मागे सायकल धरून तो.

तिने अंगणात नजर फिरवली. वाळू नाही, विटा नाहीत, खडी नाही.

"वहिनी," ती शांतपणे म्हणाली, "सामान कुठंय?"

यांनी ब्रश तोंडातच ठेवला. मी म्हणाले, "उद्या आणतो."