उभ्या जीपची घरघर

जागची न हलणारी जीप डिझेल कशासाठी पिते, असं तुम्ही कधी विचारलंत का? शेलूबाजारच्या चौकात मी रोज विचारतो. तिथं मंगरूळपीरची जीप चालवणारा माझ्या ओळखीचा एक माणूस सीटा भरेपर्यंत इंजिन चालूच ठेवतो. मधूनच रेस देऊन "निंघाली, निंघाली!" असं ओरडतो. गाडी तसूभरही हललेली नसते.

डिझेल-कोळशाची गुलामी संपवा, असं सरकारला बजावणारी पत्रकं मी वाटतो. तो त्याच पत्रकांनी जीपची समोरची काच पुसतो.

"डिझेल बंद करा म्हन्तं, मंग गाडी काय तुह्या भाषनावर चालवू?"

"आधी उभी गाडी तर बंद करा, भाऊ."

"बंद गाडीत कोनी बसत नाही, बाबू."

"लोक इतके खुळे नाहीत."

परवा त्यानं खरंच किल्ली फिरवली. "पाह्य मंग तुहे लोकं!"

आत पाच जण होते. शेजारच्या जीपनं रेस दिली, तशी एक आजी पिशवी सावरत उतरली. "हे बिघडली वाटते. चाला वो!" मागोमाग सगळे तिकडे गेले. शेवटच्याच्या हातात माझंच पत्रक होतं.

फेरी बुडाली. तो शिव्या देईल असं मला वाटलं, पण तो पोट धरून हसला. "सरकारले मंग सांगजो. पयले या लोकाइले सांग!"

सरकारला मी सोडणार नाहीच. पण उद्या जीपनं जाल, तेव्हा इंजिन बंद असलेलीत बसा, आणि शेजारची कितीही गुरगुरली तरी उतरू नका.