लगद्यात गेलेली वही

गोदाबाई पहिल्यांदा शाळेत आल्या त्या नातीची, दिशाची, तक्रार ऐकायला. ती ऐकून घेतली आणि जाताना माझ्याकडे जुन्या उत्तरपत्रिका मागितल्या. "रद्दीवाल्याला देन्यापरीस मना द्या, बाई. मी त्यांच्या बाया करते."

त्या शीळफाट्याकडच्या आगरी गावातल्या. मिठागरं बंद झाली, शेतांवर इमारती उठल्या, मुलानं बंगला बांधला. गोदाबाई मात्र मागच्या पडवीत कागदाचा लगदा वाटत बसायच्या. कागद तीन दिवस भिजवायचा, पाट्यावर वाटायचा, त्यात चिंचोक्याची खळ आणि शाळेतल्या खडूच्या तुकड्यांची पूड घालून मळायचा. त्यातून डोक्यावर मिठाची टोपली घेतलेल्या, कमरेत किंचित वाकलेल्या बाया उभ्या राहत. वह्यांचे पुठ्ठेसुद्धा वाया जात नसत. मूर्तीखाली बैठक म्हणून ते चिकटवलेले असत.

गोदाबाई गावच्या धवलारीण. आगरी लग्नातले विधी धवलारणीच्या गाण्यांवर, म्हणजे धवल्यांवर, चालतात. सासूकडून मिळालेले पस्तीस धवले त्यांना तोंडपाठ होते, लिहिलेला एकही नव्हता. त्यांना अक्षरओळखच नव्हती. एका मे महिन्यात मी रोज दुपारी जाऊन ते वहीत उतरवून घेतले.

"दिशाच्या लग्नात मीच गानार," त्या म्हणायच्या. "एक पन सोडनार नाय. मग मेले तरी चालंल."

"आजी, आधी मला दहावी तर होऊ दे!" दिशा आतून ओरडायची.

मागच्या वर्षी गोदाबाईंना अर्धांगाचा झटका आला. हात बराच सुधारला, पण गाणी मधेच तुटायला लागली. दिशाचं लग्न ठरलं आणि मला निरोप आला, वही घेऊन या.

मी घर पालथं घातलं. वही मिळाली नाही. तेच सांगायला गेले, तर पडवीत लगद्याची नवरानवरीची जोडी ठेवलेली. दोन वर्षांपूर्वीच करून ठेवली होती, दिशासाठी. मी ती कौतुकानं उचलली. खालच्या निळ्या पुठ्ठ्यावर माझंच अक्षर होतं : गोदाबाईंचे धवले.

निवृत्त होताना मी शाळेतलं कपाट रिकामं केलं होतं आणि गठ्ठे न उघडताच त्यांच्याकडे पाठवले होते.

"तो कागद लय ब्येस होता," गोदाबाई म्हणाल्या. "लोन्यासारखा वाटला गेला."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी जोडी माझ्या हातातून घेतली.

"म्हंजे मीच वाटली."

"तुम्ही नाही, गोदाबाई. मी दिली."

"तुमाला तर वाचता येतं, बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस आम्ही धवले आठवत समोरासमोर बसलो. अकरा धवले पुरे निघाले. बाकीच्यांच्या कुठे दोन ओळी, कुठे नुसती चाल.

हळदीला त्या मांडवात बसल्या. आवाज अजून खणखणीत होता. चौथा धवला त्या अकरांतला नव्हता. त्याचे शब्द संपले, तशा त्या नुसतं गुणगुणत राहिल्या, आणि दिशाच्या हाताला हळद लावताना तेही थांबलं. बायांना वाटलं, नात चालली म्हणून आजीचा गळा दाटला. कुणीतरी पाणी पुढे केलं. गोदाबाईंनी ते घेतलं, पण कारण कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.