नाव बघून उघडणारा पेनड्राइव्ह

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यात जास्त काय साठतं? लोकांना वाटतं, जुने कीबोर्ड. पण कीबोर्ड भंगारवाला तरी घेऊन जातो. किस्से कोणीच नेत नाही! ते साठत राहतात आणि कोणी चहाला टेकलं की आपोआप बाहेर पडतात.

आमचं दुकान नाशिकला, द्वारका चौकातून आत वळलं की दोन मिनिटांवर. माणसं तीनच. मालक देवरे काका, मूळचे सटाण्याकडचे. एरवी आपल्यासारखंच बोलतात, पण गडबडले की थेट अहिराणीवर येतात. दुसऱ्या सुनंदाताई, लग्नपत्रिकेपासून प्रबंधापर्यंत सगळं टाइप करून देणाऱ्या. आणि तिसरी मी, वैशाली. फिरतीची कामं माझ्याकडे.

फिरतीवर एक कटकट कायम असते. लोकांच्या कॉम्प्युटरवर नवीन काही टाकताच येत नाही. कुठे पासवर्ड मोठ्या साहेबांकडे, कुठे मशीन इतकं म्हातारं की आणखी एक प्रोग्रॅम टाकला तर प्राण सोडेल. म्हणून मी पोर्टेबल प्रोग्रॅम देते. म्हणजे इन्स्टॉल न करता सरळ पेनड्राइव्हवरून चालणारे. पण एका पेनड्राइव्हवर तीस-चाळीस प्रोग्रॅम झाले की लोक गोंधळतात. शेवटी मी एक छोटी फाइल लिहिली. तिच्यावर डबल क्लिक केलं की ती आधी त्या कॉम्प्युटरला सेटिंगमध्ये दिलेलं नाव वाचते आणि त्या नावापुढे मी जे लिहून ठेवलंय तेच उघडते. शाळेत शाळेचं, दवाखान्यात दवाखान्याचं.

पहिल्यांदा काकांना दाखवलं. सुनंदाताईंच्या मशीनला लावला तर टायपिंग उघडलं. तोच पेनड्राइव्ह माझ्या मशीनला लावला तर दुरुस्तीची हत्यारं उघडली. काकांनी पेनड्राइव्ह काढला, उलटसुलट करून बघितला.

"हाई कसं वळखस?"

"नाव वाचून, काका."

"कमाल आहे! मला गिऱ्हाइकाचं तोंड आठवतं, नाव कधीच आठवत नाही. याचं बरोब्बर उलटं!"

*

हा पेनड्राइव्ह पहिल्यांदा गेला सिन्नरजवळच्या एका शाळेत. तिथे चार कॉम्प्युटर. कोणत्या मशीनवर काय उघडायचं हे नावावरून ठरणार, म्हणून मी मुख्याध्यापक बाईंना म्हणाले, "मॅडम, प्रत्येकाला वेगळं नाव द्या." मॅडम भूगोलाच्या! त्यांनी नद्यांची नावं दिली. गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा. गोदावरीवर चित्रकला, दारणेवर टायपिंग, कादवेवर गणित, गिरणेवर इंग्रजी.

सगळं झकास चाललं. मुलं भांडायची सुद्धा नद्यांवरून. "बाई, हा मला दारणेवर बसू देत नाही!"

एक दिवस मॅडम तालुक्याला मीटिंगला होत्या. मीटिंग ऐन रंगात, समोर सगळे साहेब, आणि शाळेतल्या शिपाईमामांचा फोन. मामांचा आवाज असा, की फोन कानाला लावायची गरजच नाही.

"मॅडम, गोदावरीत पाणी शिरलं!"

सगळी मीटिंग थांबली. पावसाळा संपून दोन महिने झालेले! एका साहेबांनी विचारलं, "वरून सोडलं का?"

मॅडमनी मामांना विचारलं, "किती पाणी?"

"अर्धी बाटली, मॅडम! पाचवीच्या पोरीची सांडली. लय रडती ती. आता काय करू?"

मॅडमनी आधी पोरीला फोनवर घ्यायला लावलं, "काही होत नाही बाळा, रडू नकोस," म्हणाल्या आणि मग मला फोन केला. मी गेले, गोदावरी उघडली, पुसली, उन्हात वाळवली. दुसऱ्या दिवशी चालू. ती पोरगी त्यानंतर पाण्याची बाटली वर्गाच्या बाहेर ठेवून यायची. मामा मात्र तालुक्याला कुठल्याही ऑफिसात गेले की साहेब विचारतात, "काय मामा, पूर ओसरला का?"

*

आमचे एक होमिओपॅथिक डॉक्टर आहेत. सकाळी एका दवाखान्यात, संध्याकाळी दुसऱ्या. पेशंटची माहिती पेनड्राइव्हवर. सकाळच्या मशीनला सकाळच्या पेशंटची यादी उघडते, संध्याकाळच्या मशीनला संध्याकाळची. डॉक्टर खूश.

एका सकाळी फोन. "वैशालीताई, यादीच उघडत नाही! काल सकाळी सगळं नीट होतं!"

गेले. फाइल बघितली, ठीक. पेनड्राइव्ह ठीक. अर्धा तास डोकं खाजवलं. मग सहज कॉम्प्युटरचं नाव बघितलं तर त्यात एक 'ए' जास्त!

"डॉक्टर, नाव बदललंत?"

डॉक्टर जरा लाजले. "ते एक अंकशास्त्राचे गृहस्थ आलेत पेशंट म्हणून. म्हणाले, एक अक्षर वाढवा, भरभराट होईल."

"झाली का?"

"बाहेर बघा ना! बाक भरलाय. पण त्यातल्या एकाचंही मला काही सापडत नाहीये!"

मी फाइलमध्येही एक 'ए' वाढवून दिला. माणसाची श्रद्धा आहे, आपण कशाला मोडायची?

*

हा किस्सा काकांचा, आणि चूक माझी.

नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याने आमच्याकडून जुना कॉम्प्युटर घेतला. त्याआधी तो एका बालवाडीत होता. मी तो आतून-बाहेरून साफ केला, एक गोष्ट सोडून. त्याचं बालवाडीतलं नाव बदलायचं राहिलं!

काका स्वतः बसवून द्यायला गेले. त्यांची तिकडे ओळख, म्हणून ऐट. बाजाराचा दिवस. बाहेर ट्रॅक्टरची रांग, खिडकीशी वजनाच्या पावतीसाठी सकाळपासून ताटकळलेली माणसं. आधीचं मशीन बंद पडलेलं, म्हणून सगळे वैतागलेले. शेठ सारखे म्हणतायत, "देवरे, लवकर करा, लोक मला खातील!"

काकांनी मशीन जोडलं, पेनड्राइव्ह लावला आणि डबल क्लिक केलं.

स्क्रीनभर एक मोठा पांढरा हत्ती! आणि स्पीकरमधून बाईंचा गोड आवाज, "चला बाळांनो, आज हत्तीला रंग देऊ या!"

शेठ उभेच राहिले. "देवरे, हाई काय शे?"

काका गडबडले. कसंबसं म्हणाले, "हत्ती शे, शेठ."

आता मार पडतो की काय, असं काकांना वाटलं. तेवढ्यात खिडकीतून एक म्हातारे बाबा ओरडले, "मंग काय बघतस? त्याले कांदाना रंग द्या!"

जो हशा पिकला! सकाळपासून एकमेकांवर खेकसणारी माणसं खिडकीशी गर्दी करून हत्ती बघायला लागली. काकांनी मला फोन केला, मी इकडून सांगत गेले, त्यांनी नाव बदललं आणि दहा मिनिटांत पावत्या सुरू झाल्या.

निघताना काका म्हणाले, "शेठ, माफ करा. तो हत्ती काढून टाकतो."

शेठ म्हणाले, "राहू द्या त्याला. आज माझ्यावर ओरडायचं सोडून लोक पहिल्यांदा हसले."

*

एकदा काकांच्या शर्टाच्या खिशातला पेनड्राइव्ह वॉशिंग मशीनमध्ये गेला. काकूंनी वाळत घातलेल्या कपड्यांबरोबर दोरीला चिमटा लावून तोही वाळत घातला. दुसऱ्या दिवशी चालू!

सुनंदाताई म्हणाल्या, "काका, इस्त्री तरी करून आणायची!"

*

सुनंदाताई सहसा स्वतःहून किस्सा सांगत नाहीत. पण गायधनी आजोबांचा सांगतात.

आजोबा एकटे राहायचे. बायको जाऊन वर्ष झालेलं. आजींना उतारवयात कॉम्प्युटर शिकायची हौस, त्यांनी आपल्या सगळ्या पाककृती टाइप करून ठेवल्या होत्या. पण ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये केल्या तो आता कुठेच चालेना. फाइल उघडली की नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. आजोबा दोन-तीन दुकानं फिरून आलेले. सगळीकडे एकच उत्तर, "आजोबा, हे गेलं आता."

ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी प्रोग्रॅमचं नावही सांगितलं नाही. म्हणाले, "तुम्हीपण नाही म्हणा म्हणजे माझी फेरी संपली."

सुनंदाताईंनी ते दोन दिवस मनावर घेतलं. त्यांच्याकडे एका जुन्या सीडीवर तो प्रोग्रॅम निघाला. मी तो पेनड्राइव्हवरून चालेल असा बसवला आणि आजोबांच्या मशीनचं नाव फाइलमध्ये टाकलं, म्हणजे त्यांच्या घरी लावला की फक्त तोच उघडेल. त्यांना बाकी काही करावं लागू नये.

आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. आजोबांनी स्वतः डबल क्लिक केलं. यादी आली. चकली, कडबोळी, लिंबाचं लोणचं. आजोबांनी चकली उघडली. डोळ्यांत पाणी, चष्मा पुसायचा, परत लावायचा. मग मोठ्याने वाचायला लागले. भाजणी, मोहन, तीळ, ओवा. शेवटच्या ओळीवर थांबले.

"मीठ चवीप्रमाणे. ह्यांच्यापुरता गोळा आधी अळणी काढून ठेवावा. बीपी आहे. सांगू नये."

आम्हा दोघींना वाटलं, आता आजोबा कोसळतात की काय!

आजोबांनी चष्मा काढला आणि टेबलावर हात आपटला. "तरीच! तरीच शेजाऱ्यांकडे पाठवलेल्या डब्यातली चकली चांगली लागायची! मी तिला म्हणायचो, तुझा हात लोकांच्या घरी जास्त चालतो!"

आणि मग हसत हसत रडले. सुनंदाताईंनी उठून त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा केला. त्या दिवाळीला आजोबा आमच्या दुकानात चकल्यांचा डबा घेऊन आले. स्वतः केलेल्या. तुकडे पडलेल्या, वाकड्यातिकड्या.

काकांनी एक खाल्ली आणि म्हणाले, "आजोबा, मीठ?"

"तिने लिहिलंय तसंच केलंय," आजोबा म्हणाले. "चुकून माझा डबा आणला वाटतं!"

*

आणि हा कविताचा.

कविता भोये सुरगाण्याकडची. लहानपणी तापात डोळे गेले. नाशिकला हॉस्टेलवर राहून बी.ए. झाली, कॉम्प्युटर शिकली. स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवणारा बोलका प्रोग्रॅम असतो, त्यावर तिचा हात असा चालतो की बघत राहावं. अडचण एकच. ती मुलाखतीला जाईल तिथल्या मशीनवर तो प्रोग्रॅम नसतो आणि टाकूही देत नाहीत. तीन ठिकाणी तिला कीबोर्डला हातही न लावता परत पाठवलेलं.

तिच्यासाठी मी वेगळा पेनड्राइव्ह केला. तिला तर नेहमी परक्या मशीनवरच बसायचं होतं. म्हणून फाइलमध्ये लिहिलं, की ओळखीचं नाव असेल तर त्याचं त्याचं उघड, पण नाव अनोळखी असेल तर काही न विचारता बोलका प्रोग्रॅम सुरू कर.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑफिसातून टायपिंगच्या जागेसाठी बोलावणं आलं. मी सोबत गेले. साहेब पन्नाशीचे, बोलायला सौम्य. कविताला बघून जरा चुळबुळले. म्हणाले, "हे बघा, आमच्याकडे तुमच्यासाठीचा प्रोग्रॅम नाही आणि इथे काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही."

कविता म्हणाली, "इन्स्टॉल नाही करायचं, सर. पेनड्राइव्हवरूनच चालतो. काढला की तुमच्या मशीनवर काही राहत नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. चाचणीच्या मशीनवर दुसरा उमेदवार बसलेला, म्हणून त्यांनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. साहेब पेनड्राइव्ह तपासून घेतो म्हणाले, घेतला. मग मी तो लावून डबल क्लिक केलं. कविता पर्समध्ये इअरफोन चाचपत होती. ते सापडायच्या आत प्रोग्रॅम सुरू झाला आणि स्क्रीनवर साहेबांचं जे उघडं होतं ते स्पीकरवरून खणखणीत वाचायला लागला.

"कुमारी कविता भोईर यांस. आम्ही घेतलेल्या चाचणीत आपली निवड होऊ शकली नाही, हे कळवण्यास खेद वाटतो."

मशीनला काय, ते सावकाश, स्वल्पविरामासकट वाचतं. साहेब पुढे झुकले, पण बंद कुठे करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी केलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. चाचणी व्हायचीच होती अजून!

पत्र संपलं.

मला वाटलं, ही आता उठेल. तिने इअरफोन काढून टेबलावर ठेवले आणि हात कीबोर्डवर. मग ती शांतपणे म्हणाली, "सर, आडनाव चुकलंय. भोईर नाही, भोये. चाचणी झाली की दुरुस्त करून देऊ का?"

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग परत आले, स्वतः एक उतारा मोठ्याने वाचायला लागले आणि कविता टाइप करायला लागली. पानभर मजकूर. साहेब वाचताना दोनदा अडखळले, ती एकदाही नाही. प्रिंट काढली. साहेबांनी लाल पेन हातात घेऊन शेवटपर्यंत तपासली आणि पेनाला टोपण लावून ठेवलं.

"ते पत्र," ते म्हणाले, "तेवढं दुरुस्त करून द्या."

कविताने पत्र उघडलं. इअरफोन आता कानात होते.

"फक्त आडनाव, सर? की सगळंच?"

"सगळंच," साहेब म्हणाले. "रुजू व्हायची तारीख मी सांगतो, ती घाला."