उतरू नका

जळकोटच्या अलीकडं हायवेला ते बर्गरचं दुकान झालं, तेव्हा मला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. दुकानाच्या बाजूला एक खिडकी आहे. मोटारवाले आत वळतात, खिडकीपाशी थांबतात, बसल्या जागी खायचं घेतात आणि पुढं निघून जातात. त्या खिडकीतून सायकलवाल्याला द्यावं की देऊ नये, हा काही माझ्यासारख्या बाईनं डोकं शिणवायचा विषय नाही. पण आमच्या मालकांपायी शिणवावं लागलं, आणि एकदा माझं डोकं फिरलं की मी कुणाचं ऐकत नाही.

मालक म्हणजे माझा नवरा. शाळेत शिपाई होते, आता घरीच असतात. लहानपणी मोठा ताप आला, तेव्हापासून डावा पाय आखूड आणि बारीक. चालताना गुडघ्यावर हात दाबून चालतात. सायकलवर बसले की मात्र काही कळत नाही. उजवा पाय पायडल मारतो, डावा नुसता सोबत फिरतो. अडचण फक्त चढण्या-उतरण्याची. चढायला दगड लागतो, थांबायला ओटा लागतो. गावातला कुठला दगड किती उंच आहे, हे त्यांना तोंडपाठ आहे.

मला बघायला आले तेसुद्धा सायकलवर. आमच्या ओट्याला पाय टेकून वरच बसून राहिले. वडील म्हणाले, "उतरा की पाव्हणं." तरी उतरेनात. मी दाराआड उभी होते. पायाचं घरच्यांनी मला सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. मग त्यांची नजर माझ्याकडं गेली आणि ते उतरले. ओट्यापासून दारापर्यंत आठ-दहा पावलं असतील. खाली न बघता, सरळ माझ्याकडं बघत चालत आले. मी तिथंच ठरवून टाकलं, हाच नवरा. आईनं विचारलं तेव्हा मात्र मुद्दाम जरा आढेवेढे घेतले.

पुढं जन्मभर या माणसाला सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, उतरा. कचेरीच्या फाटकात उतरा, बँकेपुढं उतरा, लग्नाच्या मांडवापुढं उतरा. शाळेचे हेडमास्तरसुद्धा म्हणायचे, पोरांपुढं बरं दिसत नाही, फाटकातच उतरत जा. हे कधी उलट बोलले नाहीत. उलट बोलायचं खातं आमच्या घरात माझ्याकडं आहे.

एक दिवस बाजाराहून आले ते गालातल्या गालात हसत. मी विचारलं, वाटेत काही सापडलं का?

"अगं, त्या बर्गरवाल्यानं पाटी लावलीय. गाडीवरून उतरू नका. वर कृपया बी लिवलंय."

"ते मोटारवाल्यांना असंल वो."

"असंल. पर म्या वाचलं न्हवं? म्या काय उतरलो न्हाय."

खिडकीखाली सिमेंटचा कट्टा आहे, त्यावर त्यांचा पाय बरोबर टेकतो. खिडकीत सास्तूरकडची एक पोरगी असायची. तिथं मोटार येऊन थांबली की आत आपोआप घंटी वाजते, पण सायकलला ती काही वाजेना. मग यांनी स्वतःच्या सायकलची घंटी वाजवली. ज्यांची सगळी नोकरी शाळेची घंटा वाजवण्यात गेली, त्यांना घंटी वाजवायचा कसला संकोच? पोरगी हसली आणि तिनं दोन बर्गर दिले. तेव्हापासून दर रविवारी बाजार करून हँडलला कागदी पिशवी लटकवून यायचे. मी म्हणायचे, ह्याच्यापेक्षा माझं धपाटं लाख पटीनं बरं. म्हणायचे आणि सगळा खायचे.

एका रविवारी मी म्हटलं, मला बी दाखवा तुमची खिडकी. मागं कॅरिअरवर बसून गेले. त्या दिवशी पोरगी नव्हती. नवा मॅनेजर होता, पंचविशीतला, कडक इस्त्रीच्या शर्टातला. घंटी ऐकून डोकावला.

"काका, सायकलला इथं देता येत नाही. मागून मोटार येते, ड्रायव्हरला तुम्ही दिसला नाहीत तर काय करायचं? उतरून आत या ना, एसी आहे."

पोरगं वाईट बोललं नाही, खोटंही बोललं नाही. तेवढ्यात मागं खरंच एक मोटार येऊन उभी राहिली आणि हॉर्न वाजवायला लागली. काचेतून लोक बघायला लागले. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण तिथं मला लोकांची लाज वाटली. मी म्हटलं, "उतरा की वो. काय बिघडतंय?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि ते उतरले.

आत जायला तीन पायऱ्या होत्या. धरायला कठडा नाही आणि फरशी नुकतीच पुसलेली. दुसऱ्या पायरीवर पाय सटकला आणि ते दोन्ही हातांवर पडले. मॅनेजर पळत आला, त्यानंच उचललं, पाणी आणून दिलं. तळहात सोलले होते, बाकी काही झालं नाही. एसीत आम्ही दोघं समोरासमोर बसलो. त्यांनी बर्गरचा कागद उघडला आणि परत मिटला. निघताना मॅनेजरनं सायकल धरली तेव्हा ते वर चढले.

त्यानंतर सायकल भिंतीला लागली ती लागलीच. बाजाराचं नाव काढलं की म्हणायचे, गुडघा दुखतोय. महिना झाला, चाकांतली हवा गेली. सायकलशिवाय हा माणूस खाटेपासून ओट्यापर्यंतचाच. आता हे असंच बसून राहतात की काय, हाच विचार सारखा मनात यायचा. आणि मला लई वाईट वाटलं की रागच येतो. एक दिवस मी एकटीच जीपमध्ये बसले आणि त्या दुकानापुढं जाऊन उतरले.

मॅनेजरला बाहेर बोलावलं, पाटीपुढं उभं केलं.

"मावशी, ही पाटी मोटारवाल्यांसाठी आहे."

"मोटारवाले गाडीत बसतात का गाडीवर?"

"गाडीत."

"मग गाडीतून उतरू नका असं पाहिजे. हितं काय लिवलंय? गाडीवरून. गाडीवर कोण बसतंय, सांगा मला."

तो पाटी वाचत राहिला. पाटी रंगवणारा आमच्याच भागातला, मुरुमकडचा. आमच्याकडं गाडी म्हणजे फटफटी, त्यामुळं त्याच्या हातून तेच उमटलं असणार. येता-जाता सगळ्यांनी वाचलं, कुणाला खटकलं नाही. मलाही भांडता भांडता दिसलं.

"एक तर पाटी पुसा," मी म्हटलं, "न्हाय तर सायकलवाल्याला द्या."

पोरगं आधी हसलं, मग त्यानं पायऱ्यांकडं बघितलं. म्हणालं, "काका पडले ते माझ्या डोळ्यापुढून जात नाही मावशी. वरचा नियम आहे, मला लिहून काही देता येणार नाही. पण त्यांना येऊ द्या. घंटी वाजली की मी बाहेर येऊन त्यांच्या मागं उभा राहतो. मग मोटार थांबेल की."

मी घरी आले ती किल्ला जिंकल्यासारखी. गाडीवरून आणि गाडीतून, सगळं रंगवून सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं, हसलेसुद्धा. पण उठले नाहीत.

"पाटीचं मला काय न्हाय गं," ते म्हणाले.

"मग कशाचं हाय?"

"त्या पोरानं सांगितलं म्हणून म्या उतरलो न्हाय. हॉर्न वाजला म्हणून बी न्हाय. तू म्हणलीस म्हणून उतरलो." मग म्हणाले, "तुझ्या वडलांनी म्हटलं तवा बी उतरणार न्हवतो. दारात तू दिसलीस म्हणून उतरलो."

सगळ्या दुनियेनं त्यांना उतरा म्हटलं होतं, मी तेवढी म्हणायची राहिले होते. ते पण म्हणून घेतलं होतं, एका हॉर्नच्या भीतीनं. मी उठून आत गेले, कोनाड्यातला पंप आणला आणि चाकाला लावून हवा मारायला लागले. मला काही ते जमेना.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आता हवा भरा."

त्यांनी माझ्या हातातून पंप घेतला.

रविवारी गेलो. मी कॅरिअरवर, हातात बाजाराची पिशवी. यांनी कट्ट्याला पाय टेकला आणि घंटी वाजवली. सास्तूरकडची पोरगी खिडकीत आली, म्हणाली, "काका, लई दिवसांनी." मॅनेजर बोलल्याप्रमाणं बाहेर येऊन आमच्या मागं उभा राहिला. पोरगी बर्गर कागदात गुंडाळत होती, तेवढ्यात एक मोठी मोटार वळून आली. मॅनेजरनं हात वर केला, मोटार थांबली. थांबली, पण आतल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. काचेतून लोक बघायला लागले.

मालकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मी मागून त्यांचा शर्ट घट्ट धरला आणि म्हटलं, "बसा. उतरू नका."