ओट्यावरचं राजकारण

मोहफुलाच्या दिवसात झाडाखालून टोपली भरून उठावं, चार पावलं जाऊन मागे पाहावं, तर जमीन पुन्हा फुलांनी भरलेली! आमच्या ओट्यावरच्या किश्श्यांचं तसंच आहे बाप्पा. कालचा सांगून होत नाही, तोवर आजचा पडलेला असतो!

ओटा म्हणजे गावच्या वाचनालयाचा. गाव पोंभुर्ण्याकडचं, चारही बाजूंनी जंगल. ओट्यावर माणसं तीन. एक मी, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. गाव अजून मला सिस्टरबाईच म्हणतं. वाचनालयाची चावी माझ्याकडे. दुसरे वामनभाऊ, एसटीचे रिटायर कंडक्टर. आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला पॅसेंजर दचकून उठायचा आणि तिकीट काढायचा! तिसरे रामटेके गुरुजी. या गावातल्या बहुतेकांना अ-आ-इ त्यांनीच शिकवली.

तिघांनाही मतं फार. पेन्शनबरोबर ती आपोआप सुरू होत असावीत!

*

आमच्याकडे पेपर एकच येतो. तिघांनी एकमेकांची वाट कुठवर पाहायची? म्हणून वाटून घेतो. बाहेरचं पान वामनभाऊंना, आतलं गुरुजींना आणि उरलेलं मला. म्हणजे राशिभविष्य आणि निधनवार्ता!

एक दिवस वामनभाऊ ओरडले, "गेला! गेला पक्ष सोडून! मी सांगत होतो ना, हा नेता टिकत नाई!"

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठी गेला? इथीच तं आहे. 'मी पक्षातच राहणार,' असं लिहून आहे इथी."

"गुरुजी, माह्या पानावर फोटो आहे त्याचा! नवा दुपट्टा घालून!"

"माह्याही पानावर फोटो आहे. जुना दुपट्टा घालून!"

झालं! जुंपली दोघांची. चहा थंड झाला तरी थांबेनात. शेवटी मी दोन्ही पानं हिसकावली आणि जोडून पाहिली. बातमी एकच होती! पहिल्या पानावर सुरू, उरलेली पान पाचवर. सकाळी गेला होता, संध्याकाळी परत आला होता!

"आता सांगा, कोन बरोबर?" वामनभाऊंनी विचारलं.

गुरुजी म्हणाले, "पान पलटेपर्यंत जो थांबते, तो."

तेव्हापासून वामनभाऊ कोणत्याही नेत्याबद्दल मत देण्याआधी पान पाच मागून घेतात.

*

पुस्तकांच्या बाबतीत वामनभाऊ अजून ड्युटीवरच आहेत! मी त्यांना एक जाडजूड कादंबरी दिली होती. चार पिढ्यांची कथा, बक्षीस मिळालेली. आठवड्यात परत आणली.

"कशी वाटली?"

"रस्ता चांगला आहे, सिस्टरबाई. पन लेखकानं पॅसेंजर भरले किती! पायदानावरही लोंबकळून राह्यले! कोन कोनाचा साळा, कोन कोनाचा भासरा, काही पत्ता नाई. आन एकही उतरत नाई!"

"मग पूर्ण वाचली का?"

"मीच उतरलो मधातच!"

आता हीच कादंबरी मी मागच्या हिवाळ्यात रडत रडत वाचलेली. मला असा राग आला! दोन दिवस त्यांना पुस्तकच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले आणि म्हणाले, "द्या ते परत. तो मधला पोट्टा आजारी होता, त्याचं काय झालं ते पायतो."

*

गुरुजींची तऱ्हा वेगळी. ते लेखकाला मार्क देतात! पुस्तक संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर लाल पेनानं, शंभरपैकी. खाली शेरा. 'विषय चांगला, पण पाल्हाळ.' 'पालकांना भेटीस आणावे' असाही शेरा एका आत्मचरित्रावर आहे!

एकदा चंद्रपूरहून एक कवी आले. आम्ही नारळ, शाल, सगळी तयारी केली. कवी खूश! कपाटाजवळ गेले, स्वतःचा संग्रह दिसला म्हणून प्रेमानं उघडला आणि शेवटच्या पानावर थबकले. तिथे लाल अक्षरात चौतीस!

वामनभाऊ छताकडे पाहू लागले. कवींनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"मी," गुरुजी म्हणाले. शाल हातात घेऊन उभे होते बिचारे!

कवी म्हणाले, "गुरुजी, एका मार्कानं नापास करता काय हो?"

गुरुजींनी शाल खाली ठेवली, खिशातून पेन काढलं, शेवटची कविता उभ्या उभ्या पुन्हा वाचली आणि म्हणाले, "नाई. ह्याच्यात वाढत नाई."

*

माझीही टर उडवतात दोघं. उडवू देत! पण मी म्हणते, लेखकांनी निदान थर्मामीटर तरी वापरावं की नाही? परवा वाचलेल्या कादंबरीत नायिका सहा पानं तापानं फणफणते, आणि घरातले सगळे खिडकीतून चांदणं पाहून राहिलेत! अरे, कपाळावर ओली पट्टी ठेवा! पाणी पाजा तिला!

"सिस्टरबाई, ती बरी झाली असती तं पुढची दीडशे पानं काय लिहिलं असतं त्यानं?" वामनभाऊ म्हणाले.

"डिस्चार्ज!" मी म्हटलं.

*

निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार ओट्यावर आला. हात जोडले, फोटो झाले. गुरुजींनी विचारलं, "साहेब, एवढ्यात कोनतं पुस्तक वाचलं?"

"वाचायले वेळ कुठी भेटते, गुरुजी!"

"मंग हे घ्या," म्हणून गुरुजींनी आपल्या आवडीचं एक पुस्तक त्याच्या हातात दिलं. वाचनालयाचं. त्यानं ते छातीशी धरलं, पुन्हा फोटो झाला, गाड्या गेल्या. मी कपाळावर हात मारला. "गेलं पुस्तक!"

पुढच्या हप्त्यात आमच्या गावची कबड्डीची टीम शेजारच्या गावात जिंकून आली. बक्षीस काय, तर चमकीच्या कागदात गुंडाळलेलं तेच पुस्तक! आत आमचा शिक्का! त्याच उमेदवाराच्या हस्ते!

वामनभाऊंनी पुस्तक कपाटात ठेवलं आणि म्हणाले, "मी ह्यालेच मत देनार. त्याच्या हातात गेलेली एखादी गोष्ट परत आलेली मी पहिल्यांदा पाह्यली!"

*

आणि त्याच निवडणुकीनं आमचा ओटा मोडला हो.

निकाल लागला. वामनभाऊंचा उमेदवार निवडून आला, गुरुजींचा पडला. गुरुजी पेपर ठेवत म्हणाले, "लोक चुकले."

वामनभाऊ जिंकलेल्या तोऱ्यात होते. म्हणाले, "लोक चुकले? ह्या गावात सगळ्यायले शिकवलं कोनं? तुमीच ना!"

मी हसले. दूध घालायला आलेला दूधवाला हसला. गुरुजी हसले नाहीत. उठले, छत्री घेतली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले, पण ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद! काही हवं असलं की माझ्यामार्फत. "सिस्टरबाई, त्यायले सांगा, पान पाच पायजे." "सिस्टरबाई, त्यायले सांगा, वाचून राह्यलो." तीन हातांवर बसलेले दोघं आणि मी मध्ये टपालवाली!

रोवणी झाली, धान पिकलं, दिवाळी गेली. ओट्यावर एवढी शांतता की मला पुस्तकात लक्ष लागेना! माझे मालक गेले त्यानंतर मला घराबाहेर काढलं ते या दोघांच्या भांडणानं. सकाळी उठून कुठे जायचं, तर भांडण ऐकायला जायचं! आणि आता तेच नाही. एक दिवस घरी येऊन खरंच रडले मी. ठरवलं, काही झालं तरी यांना पुन्हा भांडायला लावायचंच!

*

संधी आली ती पेन्शनीच्या कामानं. दरवर्षी हिवाळ्यात आम्हाला जिवंत असल्याचा दाखला द्यायला पोंभुर्ण्याला जावं लागतं. तिघंही गेलो. अंगठे दिले, सरकारदरबारी जिवंत झालो आणि परतीच्या बसनं फाट्यावर उतरलो. ऊन कलायला आलं होतं. फाट्यापासून गावापर्यंत जंगलातली कच्ची वाट.

फाट्यावर जंगलखात्याचा बीटगार्ड काठी घेऊन उभा. म्हणाला, "वाघीण फिरून राह्यली इकडं. एकट्यानं जाऊ नका, मी येतो संगं. पन मोठ्यानं बोलत चला! गुपचूप चाललं तं मानूस तिले अचानक दिसते आन ती बावचळते. आवाज आला की ती स्वतः बाजूले होते. मी कान देऊन चालतो, तुमी बोला. बोलनं थांबवू नका!"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी गळ्यावर हात ठेवला आणि खूण केली, घसा बसला!

कसला बसला! सकाळीच भाजीवालीशी घासाघीस करून आले होते, ठणठणीत होता!

आता काय करतात? थोडी पावलं तशीच गेली. "बोला!" गार्ड ओरडला. तेव्हा वामनभाऊंनी तोंड उघडलं. "बल्लारपूर! कोठारी! गोंडपिपरी! चला, मागच्यायनं पुढं सरका!"

"भाऊ, मागच्यायले पुढं बोलवू नका!" गार्ड म्हणाला.

तेवढ्यात गुरुजींनीही सुरुवात केली. "सतरा एके सतरा! सतरा दुने चौतीस!" इकडे कोठारी, तिकडे सतरा! मी तोंडावर पदर धरून चाललेली. बांबूच्या बेटापाशी वानरं ओरडायला लागली, तसे दोघांचेही आवाज चढले.

"सतरा सक एकशे चार!" गुरुजी गरजले.

"एकशे दोन!" वामनभाऊ गर्रकन वळले. "एकशे दोन, गुरुजी! जिंदगीभर तिकिटांचा हिशेब केला मी!"

पाच महिन्यांतलं पहिलं बोलणं! गुरुजी म्हणाले, "मुद्दाम चुकलो होतो. पाहून राह्यलो, तुमी आयकता का नाई."

आणि मग जो बांध फुटला! वामनभाऊ सुटलेच. निवडणूक, रस्ते, दुपट्टे, दिल्ली, मुंबई, पार ग्रामपंचायतीच्या नळापर्यंत! बांबूच्या बेटापासून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत त्यांनी गुरुजींना एक शब्द बोलू दिला नाही. मोरीवर गुरुजी थांबले, छत्री आपटली आणि म्हणाले, "आता माझं आयका!"

तिथून त्यांनी सुरुवात केली. एकेक मुद्दा मोजून. आणि बोलता बोलता आवाज एकदम खाली आला. "तुमी त्या दिवशी माह्या शिकवन्यावर बोलले, वामनभाऊ. आयुष्य दिलं मी त्याले..."

"आवाज कमी नका करू गुरुजी!" पुढून गार्ड ओरडला. "मोठ्यानं!"

गुरुजींचा नाइलाज! सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असं ओरडले, "मले वाईट वाटलं!"

वामनभाऊंनीही तेवढ्याच जोरात उत्तर दिलं, "चुकलो मी! घरी येनार होतो! हिंमत नाई झाली!"

"मंग यायचं होतं ना! मलेबी करमत नव्हतं!"

"मले तं झोपच लागत नव्हती!"

वानरं गप्प झाली होती. मी डोळे पुसत होते. गार्ड मात्र पुढून एकसारखा, "अस्संच! अस्संच बोला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ओट्यावर एकाच बाकावर, मध्ये पेपर. बीटगार्ड आला. तोंड उतरलेलं. म्हणाला, "आत्ताच वाट पाहून आलो. काल ती आपल्या मागंच होती. आपल्या चपलांच्या ठशांवर तिचे पंजे! बांबूपासून मोरीपर्यंत चालत आली. मोरीपासून आत वळली आन निघून गेली."

हातातली चावी खाली पडली.

वामनभाऊंनी पेपर खाली ठेवला. "बांबूपासून मोरीपर्यंत कोन बोलून राह्यलं होतं?"

"तुमी," गार्ड म्हणाला.

"आन मोरीपासून?"

"गुरुजी."

"पाहा!" वामनभाऊ ताडकन उभे राहिले. "मी बोललो तवरी बरोब्बर आयकत आली! तुमी तोंड उघडलं आन कंटाळून गेली!"

गुरुजींनी शांतपणे चष्मा पुसला. "कंटाळून नाई, वामनभाऊ. तुमचं आयकून ती चिडून मागं लागली होती. मी मुद्दा नीट समजावून सांगितला, तवा समाधानानं घरी गेली."